नकाशावरची लाल रेघ आणि फाट्यावरची माणसं



सुरुवातीलाच एक खुलासा. मी लिहिते आहे ते अकोल्याबद्दल, पण विदर्भातल्या अकोल्याबद्दल नाही. आमचं गाव अकोले. नगर जिल्ह्यातला, आताच्या अहिल्यानगरमधला, प्रवरेकाठचा आदिवासी तालुका. फोनवर गावाचं नाव टाकलं की बऱ्याचदा आधी विदर्भ पुढे येतो आणि मग आपण दुरुस्ती करत बसतो. प्रवाशाला माहिती देणाऱ्या तंत्रज्ञानाच्या दारात आम्हाला आधी स्वतःची ओळख पटवून द्यावी लागते. गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी आहे, पण मला जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं.

मागच्या काजव्यांच्या हंगामातली गोष्ट. मे अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत भंडारदरा परिसरात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. ते बघायला मुंबई, ठाणे, नाशिक, पुण्याहून गाड्यांची रीघ लागते. शनिवार होता. मी एका वाडीवरची बचत गटाची बैठक आटोपून राजूरकडे जायला फाट्यावर उभी होते. सोबत सहा-सात माणसं. त्यात ठाकरवाडीतली एक आजी आणि तिच्या खांद्यावर तापाने फणफणलेला नातू. त्याला राजूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. संध्याकाळची गाडी हाच आधार.

गाडी येईना. समोरून मात्र मोटारींची एक रांग येत होती. पुढची हलेना म्हणून मागच्याने उजवीकडून घुसवली, त्याच्या मागच्याने त्याच्याही उजवीकडून. बघता बघता एका रांगेच्या तीन रांगा झाल्या आणि राजूरकडे जाणारी बाजूच उरली नाही. आमची बस पलीकडे कुठेतरी त्या गर्दीच्या तोंडाला अडकली असणार. असणार, म्हणजे आमचा अंदाज. माहीत कोणालाच नव्हतं.

आजीने मला विचारलं, "ताई, गाडी यायची का न्हाई? न्हाई तर मी चालाया लागते."

मी फोन काढला. रेंजची एक काडी आली आणि गेली. शेजारी थांबलेल्या मोटारीतल्या एका तरुणाला मी विचारलं. मुलगा सभ्य होता. त्याने काच खाली करून फोन माझ्यापुढे धरला. नकाशावर रस्ता गडद लाल होता. कोंडी कुठे सुरू होते, कुठे संपते, सुटायला किती वेळ लागेल, सगळं त्यात होतं. तो म्हणाला, "मॅडम, दोन तास तरी दाखवतंय. तुम्ही लोकल आहात का? दुसरा रस्ता आहे का?"

मी त्या लाल रेघेकडे बघत राहिले. तिच्यावर आम्ही उभे होतो तो फाटा होता. पण आम्ही त्यात नव्हतो. आजी नव्हती, तिचा नातू नव्हता, आमची अडकलेली बसही नव्हती. अडीच तासांनी दुधाच्या एका टेम्पोने वाट काढली आणि आम्हाला राजूरला सोडलं. पोराचा ताप साधा निघाला. म्हणूनच या गोष्टीची बातमी झाली नाही.

त्या मुलाचा मला राग आला नाही. मला प्रश्न पडला. एकाच रस्त्यावर, एकाच कोंडीत, एकमेकांपासून चार हातांवर उभी असलेली दोन माणसं. एकाला पुढचे दोन तास दिसत होते आणि दुसरीला पुढचं वळणही दिसत नव्हतं. ही विषमता कुठून आली?

यंत्र कोणाला मोजतं?

या नकाशांची रीत साधी आहे. रस्त्यावरच्या स्मार्टफोनमधून त्यांचं ठिकाण आणि वेग कंपनीला कळत राहतो. खूप फोन हळूहळू सरकत असले की यंत्र म्हणतं, इथे कोंडी आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये बर्लिनमधल्या सायमन वेकर्ट नावाच्या कलावंताने एक प्रयोग लोकांसमोर आणला. त्याने एका हातगाडीत 99 फोन भरले आणि ती गाडी रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेली. नकाशावर तो मोकळा रस्ता लाल झाला. लोकांनी याला गंमत म्हटलं. मला त्यात आमचा फाटा दिसला. हातगाडीत 99 फोन असले तर ती वाहतूक. फोन नसलेली 99 माणसं पायी चालली तर रस्ता रिकामा!

कोणी म्हणेल, हा खासगी कंपनीचा नकाशा आहे, सरकारी नियोजन असं नसतं. तर सरकारी नियोजनाचं कोष्टकही बघू. आपल्या देशात रस्त्यांची मानकं इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते. वाहतूक मोजायचं तिचं माप म्हणजे 'पॅसेंजर कार युनिट'. सगळी वाहनं मोटारीच्या मापात बसवायची. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या 1990 च्या मार्गदर्शिकेत मोटार 1, मोटारसायकल अर्धा, सायकल अर्धा, बस किंवा ट्रक 3, हातगाडी 3 आणि बैलगाडी 8 धरली आहे. कोणतं वाहन रस्त्याची किती क्षमता खातं, हे काढायला हे माप आहे आणि त्यापुरतं ते उपयोगीही आहे. पण याच मापाने गावाची वाहतूक 'समजून' घेतली की काय होतं ते बघा. पन्नास माणसं घेऊन येणारी एसटी म्हणजे 3 मोटारी. एकेकटा माणूस बसलेल्या तीन मोटारी म्हणजेही 3. पन्नास माणसं आणि तीन माणसं कागदावर सारखी! कारखान्याच्या हंगामात ऊस घेऊन निघालेली बैलगाडी 8 मोटारींची जागा अडवते, हे कोष्टक सांगतं. त्या गाडीत उसावर झोपलेलं पोर कोष्टकात नाही. आणि पायी चालणारा माणूस? त्याला या कोष्टकात रकानाच नाही.

रस्त्यावर मरताना मात्र तो मोजला जातो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यातली 32,825 पायी चालणारी होती. दर पाच मृतांमागे जवळपास एक. वाहतुकीच्या हिशेबात जो शून्य, तो मृत्यूच्या हिशेबात एक पंचमांश!

समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट मनावर ठसली होती. मोजमाप कधीच निरागस नसतं. कोणाला मोजायचं हे ठरवणारा, कोण महत्त्वाचं हेही ठरवत असतो. पुस्तकात हे वाक्य सोपं वाटलं होतं. फाट्यावर उभं राहिल्यावर ते कळलं.

अडथळा कोण?

काही दिवसांनी गावातल्या वाहतुकीच्या प्रश्नावर एका कार्यालयात बैठक होती. कोल्हार-घोटी रस्ता अकोल्यातून जातो. बाजार, कॉलेज, बसस्थानक, ऊस, पर्यटक, सगळ्यांचा भार त्याच्यावर. त्यामुळे कोंडी होते हे खरंच आहे. पडद्यावर चित्रं दाखवली गेली. चौकाचौकात कॅमेरे, नंबरप्लेट वाचणारं यंत्र, पर्यटकांना पुढची स्थिती सांगणारे विजेचे फलक. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून कॅमेऱ्यांनी वेग आणि लेन तपासून दंड लावणारी यंत्रणा चालू आहे, तिचाही दाखला आला. शेवटच्या चित्रात 'अडथळे' अशी यादी होती. त्यात भाजीवाल्या बायका, हातगाड्या, काळीपिवळी जीप, मोकाट जनावरं आणि रस्त्यात रेंगाळणारे पादचारी.

मी उठून विचारलं, पादचारी अडथळ्यात कसे? ते तर प्रवासी आहेत. उत्तर मिळालं, "मॅडम, विषय ट्रॅफिकचा चाललाय."

म्हणजे ट्रॅफिक म्हणजे चाकं. ज्याला पाय आहेत तो ट्रॅफिकच्या वाटेतला अडथळा. एप्रिल 2023 मध्ये याच अकोल्यातून शेतकरी, आदिवासी, निराधार बायाबापड्या लोणीच्या दिशेने पायी मोर्चाने निघाल्या होत्या, त्याही नकाशाच्या भाषेत 'कोंडी'च असणार. आणि भाजीवालीचं म्हणाल, तर 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. आधी सर्वेक्षण करा, नगर पथविक्रेता समिती नेमा, तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असू द्या, मग जागा ठरवा, असं तो सांगतो. कॅमेऱ्याने त्या बाईला 'अतिक्रमण' म्हणून टिपण्याआधी या कायद्याचं पान उघडायला नको का?

मग आम्ही, आमच्या अभ्यासवर्गातली चार-पाच मुलं-मुली आणि मी, एका बाजाराच्या सकाळी चौकात वही घेऊन उभे राहिलो. ठरवलं की वाहनं नाही, माणसं मोजायची. पायी, सायकल, मोटारसायकल, एसटी, जीप, मोटार असे रकाने पाडले. पायी चालणाऱ्यांचा रकाना सगळ्यात आधी भरला. पानाला पान जोडावं लागलं. मोटारीच्या रकान्यात शेवटपर्यंत जागा शिल्लक होती, आणि चौकाची सगळ्यात जास्त जागा मात्र मोटारींनीच व्यापलेली होती. एक मुलगी म्हणाली, "ताई, आपण इतकी माणसं आहोत हे मला रोज इथून जाऊनही माहीत नव्हतं."

चाळीसगावचा टांगा

इथे मला बाबासाहेबांच्या दोन प्रवासांची आठवण होते. आपल्यातल्या बहुतेकांना ते माहीत आहेत, पण ते 'वाहतूक आणि माहिती' या अंगाने आपण फारसे वाचलेले नाहीत.

पहिला 1901 चा. लहानगे भीमराव भावंडांसोबत साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. वडील खटाव तालुक्यात कॅशियरच्या नोकरीवर होते. मुलांनी येत असल्याचं पत्र आधी पाठवलं होतं. मसूर स्टेशनवर मुलं उतरली तर न्यायला कोणीच नाही. जात कळल्यावर गाडीवाले बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन आणि गाडी आपण स्वतः हाकू या बोलीवर गाडी मिळाली. रात्रभर पाणी मिळालं नाही. पुढे कळलं की पत्र पोहोचलं होतं, पण वडिलांच्या नोकराने ते त्यांना दिलंच नव्हतं. माहिती निघाली होती, वाटेत एका माणसाच्या हातात अडली होती. ज्याला टांगा सहज मिळतो त्याचं असं पत्र अडलं तर गैरसोय होते. ज्याला जातीमुळे कोणी गाडीत घेत नाही त्याचं पत्र अडलं तर जीव टांगणीला लागतो. माहितीची गरज ज्याला सगळ्यात जास्त, तिच्यापासून तोच सगळ्यात लांब!

दुसरा 1929 चा. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, सरकारी समितीच्या कामाने फिरत होते. चाळीसगावला वस्तीतल्या लोकांनी आग्रहाने थांबवून घेतलं. स्टेशनवरून वस्तीत न्यायला टांगेवाला तयार होईना. तडजोड अशी निघाली की टांगा भाड्याने देऊ, पण हाकणार आम्ही नाही. वस्तीतल्या एकाने लगाम हातात घेतला, ज्याने टांगा कधी हाकला नव्हता. थोडं पुढे जाताच समोरून येणाऱ्या मोटारीशी टक्कर होणार होती, ती एका पोलिसाच्या आरोळीमुळे टळली. पण पुढे नदीवरच्या मोरीवर चाक अडलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला.

या प्रसंगात वाहन आहे, रस्ता आहे, पूल आहे, वाहतूक सांभाळणारा पोलीसही आहे. मग अपघात का झाला? कारण वाहन एकाला मिळालं आणि ते चालवायचं ज्ञान जातीच्या भिंतीपलीकडे ठेवलं गेलं. मला वाटतं, तंत्रज्ञानाबद्दल आपण ज्या गोष्टी बोलतो त्या सगळ्यांचं सार या टांग्यात आहे. नुसतं यंत्र दिल्याने समता येत नाही. यंत्राचं ज्ञान, त्याची माहिती आणि त्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा हक्कही द्यावा लागतो. आज वाडीवर स्वस्त फोन पोहोचलाय. टांगा मिळालाय. पण रेंज नाही, ॲपची भाषा आपली नाही, आणि त्यात आपला फाटाच नाही. लगाम अजून दुसऱ्याच्या हातात आहे.

मग तंत्रज्ञान नको का?

उलट, हवंच. यंत्राला शिव्या देणं ही आपली परंपरा नाही. यंत्रामुळे कष्टकऱ्याला उसंत मिळू शकते, दोष यंत्राचा नसून ते काहींच्याच फायद्याला जुंपणाऱ्या समाजरचनेचा आहे, अशी भूमिका बाबासाहेबांनी घेतली होती. आणि आपल्या जिल्ह्याला तर याचा मान आहे. 1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. शेजारी कोण बसलंय हे न विचारता तिकीट देणारी ती लाल गाडी माझ्या दृष्टीने या राज्यातलं सगळ्यात मोठं समतेचं वाहन आहे. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून वाडीवरच्या कितीतरी जणी स्वतःच्या कामासाठी एकट्या निघू लागल्या, हे मी डोळ्यांनी बघते आहे. त्या बाईच्या प्रवासाचं नियोजन करा ना!

ते कसं, तेही सांगते. निव्वळ टीका करून थांबणं मला पटत नाही.

पहिलं, माणसं मोजा. कोणतीही यंत्रणा विकत घेण्याआधी बाजाराचा दिवस, शाळेचा दिवस, उसाचा हंगाम आणि काजव्यांचा शनिवार असे चार दिवस माणसांची गणना करा. कॉलेजची मुलं हे काम करतील. कॅमेरा बसवायचाच असेल तर तो चालणाऱ्यांनाही मोजणारा बसवा, असं आजचं तंत्रज्ञान आहे.

दुसरं, बसची माहिती फाट्यावर पोहोचवा. एसटीच्या गाड्यांवर जीपीएस बसवून त्या कुठे आहेत हे प्रवाशाला कळवायचं काम 2019 पासून सुरू झालं आहे. म्हणजे गाडी कुठे अडकली हे कळण्याची सोय अस्तित्वात आहे. ती फक्त ॲप आणि इंटरनेटवर ठेवू नका. साध्या फोनवरून एका नंबरला मिस्ड कॉल दिला की मराठीत आवाज यावा, "तुमची गाडी अमुक फाट्यावर आहे." जिथे रेंजच नाही तिथे ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून, दुकानदाराकडून, आशाताईकडून निरोप जावा. आजीला लाल रेघ नको होती. तिला फक्त 'थांबू की चालू लागू' एवढंच कळायला हवं होतं.

तिसरं, पर्यटकांना माहिती द्या, पण वेळेवर आणि लांबूनच. घोटीच्या आधी आणि संगमनेरच्या आधी फलक लावा की भंडारदऱ्यात आज जागा भरली आहे. भरल्यानंतर मोटारी पायथ्याशी थांबवा आणि पुढे एसटीने न्या. यात एसटीला उत्पन्न, स्थानिक पोरांना काम आणि काजव्यांना काळोख मिळेल. रुग्णवाहिका आणि बससाठी एक बाजू मोकळी ठेवणं हा तर नियम हवा.

चौथं, कॅमेऱ्याच्या नोंदी कोणाकडे राहणार, किती दिवस राहणार, कोण बघणार हे आधी जाहीर करा. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने याच देशात जमातीच्या जमातींना हजेरी लावायला लावली होती, ती 1952 पर्यंत. ज्यांच्या आजोबांनी चौकीवर हजेरी दिली, त्यांना 'नुसता कॅमेरा आहे, घाबरता कशाला' हे सांगू नका.

पाचवं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. या समितीत भाजीवाली, जीपवाला, एसटीचा वाहक, वाडीवरची आशाताई आणि शाळेत पायी येणारी मुलगी असू द्या. टांगा आणि लगाम दोन्ही.

25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात एका माणसाला एक मत आणि एक मूल्य मिळेल, पण सामाजिक-आर्थिक जीवनात हे मूल्य आपण नाकारत राहिलो तर ही विसंगती लोकशाहीलाच धोक्यात आणेल. रस्ता हे सामाजिक जीवनच आहे. चवदार तळ्यासारखाच तोही सार्वजनिक आहे, सगळ्यांच्या पैशातून झालेला. तिथे एका माणसाचं मूल्य एक की एका मोटारीचं, हा प्रश्न तांत्रिक नाही.

भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. शंभर वर्षांत आमच्या डोंगरांतलं पाणी खाली गेलं आणि खालच्या गाड्या वर आल्या. दोन्हींचे हिशेब नीट ठेवले गेले. पाण्याचे टीएमसीत, गाड्यांचे युनिटमध्ये. माणसांचा हिशेब तेवढा राहिला.

पुन्हा काजव्यांचा हंगाम येईल. तो सभ्य मुलगा पुन्हा येईल, त्याने यावं, काजवे बघावेत. मात्र त्याच्या फोनवर रस्ता लाल दिसेल तेव्हा त्याच क्षणी फाट्यावरच्या आजीलाही कळलं पाहिजे की तिची गाडी कुठे आहे. तेवढं झालं तर मी म्हणेन, अकोल्याच्या वाहतुकीत तंत्रज्ञान आलं. तोपर्यंत आलेत ते फक्त कॅमेरे.

तुमच्या गावच्या चौकातही एक सकाळ वही घेऊन उभे राहा. आधी माणसं मोजा, मग बोलू.

जय भीम! जय संविधान!